चाकाखालचं गोकुळ

पुण्याहून निघालेली लोकल मळवलीला थांबली की उतरणारी बहुतेक माणसं दक्षिणेची वाट धरतात. भाजे लेणी, लोहगड, विसापूर, सगळं त्याच अंगाला. उरलेली एकवीरेच्या दर्शनाला उत्तरेकडे, कार्ल्याच्या डोंगराकडे निघतात. या लहानशा स्टेशनाच्या आसपास कधीकाळी एक छापखाना होता आणि घरोघरच्या देव्हाऱ्यांवर, दुकानांतल्या गल्ल्यांमागे लागलेले कितीतरी देव तिथे छापले गेले, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. राजा रविवर्मा यांनी हा छापखाना १८९४ साली मुंबईत काढला. त्यातून बाहेर पडलेलं पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. मुंबईत प्लेगची दहशत होती त्या वर्षांत, १८९९ साली, सगळं बिऱ्हाड मळवलीला आलं. त्यात यंत्रं होती, कारागीर होते आणि शिळाछपाईचे चुनखडीचे गुळगुळीत दगड होते. चित्रातल्या प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. सरस्वतीची साडी, वीणा, शेजारचा मोर यांचे रंग एकावर एक, सूतभरही न हलता बसावे लागत. ज्या मुलुखात दोन हजार वर्षांपूर्वी काळ्या कातळातून चैत्य कोरून काढले, तिथे आता पांढरट दगडांवरून देव उमटू लागले. पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने छापखाना विकत घेतला. १९७२ साली तो आगीत जळाला.

या छापखान्याचं काम करणारा एक मराठी माणूस लोणावळ्यात येऊन राहिला होता. धुंडिराज गोविंद फाळके. पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडून १९०६ साली त्यांनी लोणावळ्यात ‘फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ सुरू केलं आणि रविवर्मा छापखान्यासाठी छायाचित्रावरून दगडावर चित्र उतरवण्याचं काम ते करू लागले. पुढे व्यवसाय वाढला तसा तो दादरला गेला. छायाचित्रण, ब्लॉक बनवणं, रंगीत छपाई आणि जोडीला जादूचे प्रयोग, असं सगळं त्या एका माणसात होतं. जादूगार म्हणून ते ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेत. १९११ साली गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहताना आपल्या मनापुढून कृष्ण आणि राम, गोकुळ आणि अयोध्या सरकत होती, असं त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहून ठेवलं. मराठी माणसाच्या मनात चित्रपट उजाडला तो असा गोकुळासकट उजाडला. आणि ज्याच्या मनात उजाडला, त्याच्या हाताखालून त्याआधी रविवर्म्याच्या रंगांतले देव गेलेले होते.

पुढच्या पानांत तीन आवडी एकत्र आल्या आहेत: रानाशिवाराच्या, गुराढोरांच्या गोष्टी वाचणं, अद्भुत चित्रपट पाहणं, आणि सायकल काढून गावाकडच्या रस्त्याला लागणं. एखाद्याला या सुट्टीच्या दिवसाच्या तीन निरनिराळ्या करमणुकी वाटतील. मळवली-लोणावळ्याच्या या मावळात तसं म्हणता येत नाही. इथे तिन्हींची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि ती उकरून दाखवणं हे या पुस्तकाचं काम आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: अद्भुताला उभं राहायला खरं गाव लागतं, आणि खरं गाव कष्टाच्या वेगाने गेल्याशिवाय दिसत नाही. सायकल तो वेग देते.

फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ १९१९ साली आला. कृष्णाचं काम त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केलं. आज हा चित्रपट पाहताना डोळे पाण्याखालच्या नागावर खिळतात, आणि ती करामत आहेच तशी. पण नागापर्यंत पोहोचायच्या आधी चित्रपट कितीतरी वेळ गावात रेंगाळतो. पोरांच्या खोड्या, लोणी, शेजाऱ्यांची भांडणं, घरातला राग आणि लाड. हे गाव इतकं नेहमीचं आहे की त्या पोराने डोहात उडी घेतल्यावर काठावरच्या माणसांच्या छातीत जे होतं, ते पाहणाऱ्याच्याही छातीत होतं. गाव खोटं असतं तर नाग रबराचाच दिसला असता. जगातल्या चांगल्या अद्भुत चित्रपटांना ही गोष्ट नेहमी कळलेली आहे. सत्यजित राय यांच्या ‘गुपी गाइन बाघा बाइन’मध्ये (१९६९) भुतांचा राजा भेटण्याआधी राजाने गावातून हाकलून दिलेला बेसूर गायक भेटतो. हायाओ मियाझाकींच्या ‘माय नेबर टोटोरो’मध्ये (१९८८) रानदेव दिसण्याआधी जुनं घर झाडून-पुसून घ्यावं लागतं, आणि बाप दोन्ही मुलींना सायकलवर घेऊन आजारी आईला भेटायला भातखाचरांच्या रस्त्याने दवाखान्यात जातो. गाव, अद्भुत आणि सायकल हे तिघं तिथे एका चौकटीत बसले आहेत. आपल्याकडे प्रकाश कुंटे यांच्या ‘सायकल’मध्ये (२०१८) अद्भुत काहीच घडत नाही, कोकणातल्या एका ज्योतिषाची पिवळी सायकल चोरीला जाते, एवढंच. तरी ती सायकल गावोगाव फिरते तसतशी माणसांची मनं बदलत जातात आणि गोष्ट परीकथेच्या अंगाने चालू लागते.

मावळात अद्भुत फाळक्यांच्याही किती आधीपासून नांदतं आहे, हे पाहायला मळवलीहून सायकलने भाज्याच्या पायथ्याशी जायचं आणि पुढच्या पायऱ्या चढायच्या. ही लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. मोठ्या चैत्याने भारावून बरेच जण तिथूनच मागे फिरतात. त्यांनी तसं करू नये. दक्षिणेच्या टोकाला एक विहार आहे आणि त्याच्या ओसरीत दोन शिल्पपट आहेत. एकात चार घोड्यांचा रथ आभाळातून चालला आहे आणि चाकांखाली अवाढव्य, बेडौल देह तरंगताहेत. दुसऱ्यात एक प्रचंड हत्ती सोंडेने झाड उपटून चालला आहे; खाली माणसं, झाडं, वाद्यं, नाच आणि एक घोड्याच्या तोंडाची स्त्री. कुणी यांना सूर्य आणि इंद्र म्हणतात, कुणी मांधाता राजाची कथा यात पाहतात. अभ्यासकांचा वाद संपलेला नाही, पण पाहणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही. मला तिथे नेहमी एकच गोष्ट पकडून ठेवते: हत्तीच्या प्रचंड आकाराखाली कोरणाऱ्याने आपल्या ओळखीचं रान मांडलं आहे. आभाळातला रथ आणि पारावरचा ढोल एकाच भिंतीवर. फाळक्यांनी पडद्यावर जे केलं, त्याचा हा सह्याद्रीतला पूर्वज आहे, असं मी मानतो.

रानाशिवाराच्या गोष्टींचंही तसंच. ग्रीक कवी थिओक्रिटस ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सिसिलीतल्या मेंढपाळांची गाणी रचत होता, आणि त्याच्या आयुष्याचा काही काळ अलेक्झांड्रियासारख्या गजबजलेल्या राजधानीत गेला. तेव्हापासून या प्रकारावर आक्षेप आहे की ही शहरी माणसाने गावाला न जाता केलेली गावाची आठवण आहे. आक्षेप खरा आहे, पण आपल्या बाजूला एक मोठा अपवाद आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतातली, साधारण सातशे गाथांची. संग्रह राजाच्या नावाचा, पण आत नांगर धरणारे आहेत, शेत राखणाऱ्या पोरी आहेत, पावसाची वाट पाहणारी बायको आहे, चिखल आहे. याच सातवाहनांच्या काळातले शिलालेख कार्ल्याच्या लेण्यात आहेत, आणि त्यांत या मुलुखाचा उल्लेख मामाल असा येतो. मावळाला आपलं गोपकाव्य बाहेरून आणावं लागलं नाही.

त्या परंपरेतला मोठा आधुनिक वारस मावळातच राहायला आला. गोपाल नीलकंठ दांडेकर, म्हणजे गोनीदा, विदर्भातल्या परतवाड्याचे, जन्म १९१६चा. लहान वयात घर सोडलं, गाडगेबाबांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा केली आणि शेवटी बिऱ्हाड थाटलं ते तळेगाव दाभाड्याला. गोनीदांनी मावळ पायी पालथा घातला आणि मग लिहिला. ‘पवनाकाठचा धोंडी’ (१९५५) ही तुंग किल्ल्याच्या वंशपरंपरागत हवालदाराची कादंबरी. किल्ल्याला आता कुणी शत्रू उरलेला नाही, पण हवालदाराला आपली जबाबदारी सोडता येत नाही. १९६६ साली तिच्यावर चित्रपट आला. ‘माचीवरला बुधा’ (१९५८) मध्ये मुंबईतलं जिणं मागे टाकून एक म्हातारा राजमाचीवर परततो आणि झाडं, पाखरं, जनावरं यांच्या सोबतीने राहू लागतो. या कादंबरीत घटना फार थोड्या आहेत. एवढ्या थोड्या घटनांवर एवढं मोठं पुस्तक पेलायला लेखकाला प्रत्येक झाडाचा बहर कधी आणि पाऊस कोणत्या खिंडीतून येतो हे ठाऊक असावं लागतं. आणि ‘जैत रे जैत’. घाटाखालच्या ठाकरांची ही कथा जब्बार पटेल यांनी १९७७ साली पडद्यावर आणली, ना. धों. महानोरांची गाणी आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत घेऊन. ढोल वाजवणारा नाग्या, चिंधी, लिंगोबाचा डोंगर आणि त्या कड्यावरची राणी माशी. राणी माशीशी माणसाचं वैर जुंपतं तेव्हा हे वास्तव की अद्भुत, हा प्रश्न ठाकरवाडीत कुणी विचारत नाही, आणि पाहणाराही विचारायचा विसरतो. मराठीत रानाची गोष्ट आणि अद्भुत चित्रपट यांचं इतकं एकजीव मिश्रण मी दुसरं पाहिलेलं नाही.

‘पवनाकाठचा धोंडी’ हातात घेऊन पवनाकाठी जाणाऱ्याला एका गोष्टीची तयारी ठेवावी लागते. कादंबरीतला काठ पुष्कळसा पाण्याखाली आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पवना धरण पूर्ण झालं, खाचरं बुडाली, गावं वर सरकली किंवा उठली. आज तुंगच्या माथ्यावरून दिसणारा निळा जलाशय फोटोत फार सुंदर येतो. त्या निळाईखाली पुस्तकातली माणसं शेत करत होती, हे माहीत असलेल्याला तो वेगळा दिसतो. आणि पाण्याची गोष्ट तिथे संपली नाही. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातले शेतकरी बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. मावळाच्या पाण्यावर शहराचा हक्क ही जुनी कथा आहे. लोणावळा, वळवण, शिरवता ही टाटांची तळी आणि १९१५पासून चालू असलेलं खोपोलीचं वीजघर मुंबईच्या गिरण्यांसाठी उभं राहिलं, आणि शेजारच्या मुळशीत सेनापती बापटांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला तो १९२१मध्ये. म्हणून इथल्या रानगोष्टींत रमणाऱ्याने रमावं जरूर, मनापासून रमावं, पण धरणाच्या भिंतीकडे पाठ करून रमू नये. गोनीदांनी धोंडीवर जी माया केली, तिच्यात त्याच्या कष्टाची आणि कोंडीची पुरती जाण आहे. त्या मायेला शोभेल असं वाचन आपलं असायला हवं.

खरे गोपाळ मात्र आपण पुस्तकांच्या नादात विसरतो. दसरा-दिवाळी झाली की देशावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणाकडे निघतात आणि पावसाआधी परततात. त्यांच्या ओव्यांत बिरोबा आहे, म्हस्कोबा आहे, बानूसाठी मेंढपाळ झालेला खंडोबा आहे. देव रूप पालटतात, मेंढरं वारुळातून बाहेर येतात. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांबरोबर हिंडून या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला नोकरीला जात, आणि फावल्या वेळात काठी घेऊन कार्ले, बेडसे, भाजे या पट्ट्यात चालत. गुराख्यांच्या मोसमी वाटा, देवींची ठाणी, व्यापारी मार्ग आणि लेणी एकमेकांच्या आधाराने उभी आहेत, हे त्यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) मध्ये मांडलं. कार्ल्याच्या चैत्याच्या दाराशीच एकवीरेचं देऊळ का आहे, याचं उत्तर शोधायचं तर त्यांच्यामागून जावं लागतं. कोसंबी चालत. आपल्याला शनिवार-रविवारची मुदत असते, म्हणून सायकल.

द्रुतगती मार्गावर सायकलला मज्जाव आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. त्या रस्त्याने जाणाऱ्याला मावळ अर्ध्या तासात ओलांडता येतो आणि एकही गाव दिसत नाही. सायकलवाल्याचा रस्ता कामशेतला सुरू होतो. बेडश्याच्या डोंगराला वळसा घालून पवनानगर, तिथून डाव्या हाताला तिकोना पेठ, पुढे जलाशयाच्या कडेने तुंग. किंवा पवनानगरहून दुधिवरे खिंड चढून लोणावळ्याला. खिंडीतला चढ खोटं बोलू देत नाही. चढावर श्वास लागला की माणूस डोंगराचं कौतुक थांबवतो आणि त्याच्याशी व्यवहार सुरू करतो: पुढची सावली कुठे, पाणी कुठे, वळणानंतर उसंत आहे का. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन तोच चढ रोज चढणाऱ्या बाईचा हिशोब थोडाफार का होईना पायांना कळतो. मग चढ संपतो, पलीकडचं खोरं एकदम उघडतं आणि उतारावर चाकं मोकळी सुटतात. फाळक्यांच्या कृष्णाला नागाच्या फण्यावर काय वाटलं असेल, याचा अंदाज मला पुस्तकात आला नव्हता. तो दुधिवऱ्याच्या उतारावर आला.

आणि सायकलवरून कामं दिसतात. उन्हाळ्याच्या अखेरीस खाचराच्या एका तुकड्यावर पालापाचोळा, शेण पसरून राब भाजलेला दिसतो. मृगानंतर तिथेच रोपं पोपटी होतात. आषाढात आवणीची धांदल, पाठीवर प्लॅस्टिकचे कागद, कुठे अजून एखादं इरलं, चिखलात वाकलेल्या बायकांची रांग आणि कडेला रेडिओऐवजी मोबाइलवर लागलेलं गाणं. दिवाळीच्या सुमारास खळ्यांवर इंद्रायणीचा वास. हा वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहराच्या रक्तातून तयार झाला आणि १९८७ साली शेतात आला. आपण ताटातल्या भाताला नदीचं नाव देऊन जेवतो, ती नदी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला उगम पावून देहू-आळंदीला जाते. वडगावकडून पश्चिमेला सरकावं तसा पाऊस वाढत जातो. लोणावळ्यात तो वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा पुढे पोहोचतो. गाडीच्या काचेतून हा फरक जाणवत नाही. सायकलवर तो कामशेतच्या पुढे कॉलरमधून आत शिरतो.

या सगळ्याच्या मधोमध गेल्या काही वर्षांत फार्महाउसांचे बोर्ड उभे राहिले आहेत. हिरवळ, कारंजं, शोभेची बैलगाडी, तलावाकडे तोंड केलेले तंबू. तेही एक प्रकारचं गोपकाव्यच विकतात, पण त्यातून गुराखी वगळलेला असतो. जुनी पाणंद कुंपणाने अडते तेव्हा गुरांना लांबून जावं लागतं. सायकलवाल्यालाही लागतं, म्हणून ते त्याच्या लक्षात येतं. मुक्काम करायचाच असेल तर गावातल्या घरी करावा, जेवणाचे पैसे न घासता द्यावेत, आणि आवणीच्या दिवसांत खाचराच्या बांधावर फोटोसाठी उभं राहून कुणाचं काम अडवू नये. ही शिकवण मला तिकोना पेठेतल्या एका आजींनी दोन वाक्यांत दिली होती. इथे ती लांबली आहे.

आता पुस्तकाच्या मांडणीबद्दल. प्रत्येक प्रकरणात एक वाट, एक वाचायची गोष्ट आणि एक पाहायचा चित्रपट आहे. तिघांचा संबंध कुठे सरळ आहे, कुठे वाचणाऱ्याने लावायचा आहे. मुलांना बरोबर घेणार असाल तर मळवली-भाजे-कार्ले हे प्रकरण आधी वाचा: अंतर थोडं, चढ पायऱ्यांचा, आणि घरी येऊन ‘कालिया मर्दन’ दाखवला तर ओसरीतल्या हत्तीशी त्याचं नातं मुलं आपणहून लावतात. पवनेचा फेरा पावसाळ्यात करणाऱ्यांनी सकाळी पश्चिमेकडे तोंड करून निघावं. वारा तेव्हा समोरून येतो, पण थकल्यावर परतताना तोच पाठीशी असतो. गिअर नसले तरी चालतं. ब्रेक मात्र दोन्ही चांगले हवेत, ओल्या खिंडीत त्यांच्यावर सगळी भिस्त असते. राजमाचीचं प्रकरण मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडीपर्यंतचा रस्ता पंधराएक किलोमीटरचा, बराचसा कच्चा, आणि पावसाळ्यात चिखलाचा. मार्गशीर्ष-पौषात तो कोरडा असतो, ओढ्यांना थोडं पाणी असतं आणि संध्याकाळ लवकर पडते, म्हणून पहाटेच निघायला हवं. ‘माचीवरला बुधा’ जाण्याआधी वाचून संपवा. वर पोहोचल्यावर वाचायला वेळ मिळत नाही. श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले आहेत, आणि दोन्ही चढायचे असतात.